अनोळखी माणसाचा पहिला पॅच : ओपन सोर्सच्या उंबरठ्याचा इतिहास

#थ्रेड

१/ एप्रिल २००५. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने एक नवे साधन लिहून जाहीर केले. लिनक्सच्या प्रमुख शिलेदारांत ज्याची गणना नव्हती, असा कॅलिफोर्नियात राहणारा एक जपानी प्रोग्रामर त्यात लहानलहान सुधारणा पाठवू लागला. चार महिने पुरे होण्याआधीच, २६ जुलै रोजी, टोरवाल्ड्सने सारा प्रकल्प त्याच्या स्वाधीन केला. ते साधन म्हणजे गिट, आणि तो प्रोग्रामर म्हणजे जुनिओ हामानो.

२/ ऑक्टोबर २०२१. 'जिया टॅन' असे नाव लावणाऱ्या एका अनोळखी व्यक्तीने 'एक्सझेड' नावाच्या प्रकल्पाला एक अगदी किरकोळ फाइल पाठवली. पुढे हीच व्यक्ती त्या प्रकल्पाच्या कारभारात शिरली आणि अडीच वर्षांनी जगभरच्या सर्व्हरांना भगदाड पडता पडता वाचले.

३/ मित्रहो, हे दोघेही एकाच दाराने आत आले. कोणाची ओळख नाही, शिफारसपत्र नाही, पदवीची विचारणा नाही. केवळ एक लहानसे काम. ओपन सोर्सचे हे दार कोणी बांधले, ते इतके ठेंगणे का ठेवले आणि आज एखाद्या नवख्याला त्यातून आत जायचे असेल तर हा इतिहास त्याला काय शिकवतो, ते या थ्रेडमध्ये पाहू.

४/ प्रथम संज्ञा. सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामची माणसाला वाचता येईल अशी मूळ संहिता. ही संहिता सर्वांना वाचण्यास, बदलण्यास व वाटण्यास खुली असेल तर ते सॉफ्टवेअर ओपन सोर्स. हा शब्दप्रयोग १९९८ सालचा. प्रथा मात्र त्याहून जुनी. रिचर्ड स्टॉलमन आजही 'फ्री सॉफ्टवेअर' हीच संज्ञा आग्रहाने वापरतात, कारण त्यांच्या लेखी हा प्रश्न सोयीचा नसून स्वातंत्र्याचा आहे.

५/ स्टॉलमन १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करीत. तेथे झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद वारंवार अडके. जुन्या यंत्राच्या प्रोग्राममध्ये त्यांनी स्वतः बदल करून अशा अडचणींवर तोड काढली होती. नव्याचा सोर्स कोड मात्र मिळेना. ज्याच्यापाशी तो होता त्या संशोधकाने गोपनीयतेच्या कराराचे कारण देऊन नकार दिला. दुरुस्ती करण्याची इच्छा होती, कुवतही होती; दारच बंद होते.

६/ २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली : युनिक्ससारखी, पण पूर्णतः मुक्त अशी कार्यप्रणाली उभारायची. त्या घोषणेत नवख्यांसाठी एक सुज्ञ योजना होती. युनिक्स म्हणजे शेकडो लहान साधनांचा समूह. प्रत्येक साधनाने काय करावे हे आधीच ठरलेले. म्हणून कोणीही फावल्या वेळात एकच साधन उचलावे, त्याची बरहुकूम प्रतिकृती लिहावी आणि पाठवून द्यावी.

७/ येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दूरदूरच्या, एकमेकांस अपरिचित लोकांकडून मोठे काम करून घेणे अवघड असते, याची स्टॉलमन यांना पूर्ण जाणीव होती. त्यावरचा त्यांचा उपाय असा की काम एवढे लहान पाडावे आणि त्याची सीमा एवढी स्पष्ट आखावी की करणारा कोण आहे हे विचारण्याचे कारणच उरू नये. काम बरोबर की चूक, हे कामावरूनच कळावे.

८/ १९८९ मध्ये ग्नूचा सार्वजनिक परवाना, म्हणजे जीपीएल, आला. त्याने वाचण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा अधिकार कायद्याच्या भाषेत बसवला. मात्र अधिकार आणि स्वीकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण आपल्या प्रतीत हवा तो बदल करू शकता. मूळ प्रकल्पाने तो घेतलाच पाहिजे असे बंधन कोणावरही नाही. पुष्कळ नवख्यांचा पहिला हिरमोड नेमका याच जागी होतो.

९/ आता दोन अवजारे. 'डिफ' हे साधन युनिक्समध्ये १९७४ साली आले : दोन फाइलींत कोणत्या ओळी वेगळ्या आहेत तेवढेच ते दाखवते. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी त्याचा जोडीदार लिहिला, 'पॅच'. तो डिफमधील फरक वाचून मूळ फाइलीत योग्य जागी बसवतो. मूळ फाइल दरम्यान थोडी बदलली असली तरी आजूबाजूच्या ओळींवरून जागा हुडकतो.

१०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. चिकित्सक आवृत्तीचा संपादक प्रत्येक पोथी पुन्हा संपूर्ण छापत नाही; तळटीपेत पाठभेद देतो. पॅच म्हणजे सॉफ्टवेअरचा पाठभेद. त्यामुळे सारा ग्रंथ पुन्हा न वाचता संपादक केवळ बदललेल्या ओळी तपासू शकतो. अनोळखी माणसावर विश्वास ठेवणे कठीण असते. त्याच्या १० ओळी तपासणे शक्य असते. मुक्त सॉफ्टवेअरचे सारे अर्थकारण या एका फरकावर उभे आहे.

११/ २५ ऑगस्ट १९९१. हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या टोरवाल्ड्सने इंटरनेटवरील एका चर्चागटात कळवले की आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत आहोत; लोकांना त्यात काय हवे ते सांगावे. सप्टेंबरमध्ये पहिली आवृत्ती बाहेर पडली, सुमारे १०,००० ओळींची. १९९२ च्या आरंभी त्याने ती जीपीएलखाली आणली. थोडे काम करून लवकर दाखवले, म्हणूनच इतरांच्या हातांना त्यात जागा सापडली.

१२/ पहिल्या काही महिन्यांतील एक प्रसंग बोलका आहे. जर्मनीतील एका वापरकर्त्याच्या संगणकात अवघी २ मेगाबाइट मेमरी होती. तेवढ्यात त्याला लिनक्स कंपाइल करता येईना. त्याने तसे कळवले. टोरवाल्ड्सने नाताळच्या सुटीत मेमरीतील मजकूर डिस्कवर हलवण्याची सोय लिहून काढली आणि लिनक्स अनेकांच्या नजरेत भरले. त्या वापरकर्त्याने कोडची एक ओळही लिहिली नव्हती. आपली अडचण नेमकेपणाने सांगणे, हेच त्याचे योगदान.

१३/ वाढीबरोबर गर्दी आली. १९९८ च्या सप्टेंबरात लिनक्सवर मोठेच संकट ओढवले : लोक पॅच पाठवत, टोरवाल्ड्सच्या टपालात ते हरवत, मग पुन्हा पाठवत, पुन्हा हरवत. एकटा माणूस सर्वांना पुरा पडेना. त्यातून एक उतरंड पक्की होत गेली. प्रत्येक विभागाला आपला मेंटेनर, म्हणजे कारभारी; पॅच आधी त्याच्याकडे, तेथून वर.

१४/ तेव्हापासून या व्यवहारातील सर्वांत दुर्मीळ वस्तू कोणती, तर मेंटेनरचा वेळ. पॅच लिहायला नवख्याला एक संध्याकाळ लागत असेल, तर तो तपासायला कोणाची तरी दुसरी संध्याकाळ जाते. 'एका पॅचमध्ये एकच बदल', 'बदल का केला ते लिहा', 'कोणाकडे पाठवायचे ते आधी पाहा' हे नियम जाचक वाटतात खरे. पण ते सारे त्या दुसऱ्या संध्याकाळीची बचत करण्यासाठी आहेत.

१५/ मार्च २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला. आपल्या मालकीचा कोड लिनक्समध्ये घुसवला गेल्याचा तिचा आरोप होता. प्रश्न उभा राहिला : कोणती ओळ कोणाकडून आली? २००४ मध्ये लिनक्सने नियम केला की पाठवणाऱ्याने प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' म्हणून आपले नाव लिहावे. अर्थ असा की हे काम देण्याचा मला हक्क आहे. ज्या मेंटेनरच्या हातून पॅच पुढे जाई, तोही आपले नाव जोडी. जुन्या कागदांवरील शिक्का-मोर्तबाचीच ही नवी तऱ्हा.

१६/ आणि मग २००५. लिनक्स ज्या खासगी साधनावर आपला सारा बदल-इतिहास ठेवत होते, त्याची मोफत सोय बंद झाली. टोरवाल्ड्सने काही दिवसांत गिट लिहिले. गिटमध्ये प्रत्येक बदलाला कर्ता, वेळ, कारण आणि मागील बदलाशी असलेली साखळी जोडलेली असते; मागची कडी गुपचूप बदलली तर पुढची सारी साखळी जुळेनाशी होते. बखरीत फेरफार करून नामानिराळे राहणे येथे फार अवघड.

१७/ हामानो यांच्याकडे परत येऊ. त्यांनी लहान पॅच पाठवले, दुसऱ्यांचे पॅच वाचून त्यांवर मते दिली, चुका निघाल्यावर सुधारून पुन्हा पाठवले आणि हे नेमाने करीत राहिले. टोरवाल्ड्सने त्यांना निवडले ते या लिखित पुराव्यावरून. आज दोन दशकांनंतरही गिटचा कारभार त्यांच्याकडेच आहे. नवख्याचे प्रगतिपुस्तक दुसरे कोणी भरत नाही. ते त्याच्याच कामातून आपोआप लिहिले जाते.

१८/ नवख्यांसाठी दार मुद्दाम ठेंगणे करण्याचे प्रयोगही झाले. २००८ मध्ये लिनक्सने 'स्टेजिंग' नावाचा विभाग उघडला. दर्जाला न उतरलेले ड्रायव्हर तेथे ठेवले जात आणि सोबत 'काय करायचे बाकी आहे' याची यादी. ही तालीमच होती. मोकळी जागा, ओळीची लांबी, शब्दलेखन असल्या किरकोळ दुरुस्त्यांतून लोक पॅच पाठवण्याची रीत शिकत. मात्र तालमीतच रमून गेलेला मल्ल फडात उतरत नाही, हेही तेथे दिसले.

१९/ तरीही दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. २००६ मध्ये ग्नोम प्रकल्पाकडे गूगलच्या उन्हाळी उपक्रमासाठी १८१ अर्ज आले. त्यांत स्त्री एकही नव्हती. ग्नोमने त्याच वर्षी स्त्रियांसाठी वेगळा उपक्रम काढला तेव्हा सुमारे १०० अर्ज आले. क्षमता होतीच, आपल्याला बोलावणे आहे असे कोणाला वाटत नव्हते. याच धाग्यातून पुढे 'आउटरीची' हा उपक्रम उभा राहिला. निवड होण्यापूर्वी उमेदवाराने प्रकल्पात एक लहान योगदान प्रत्यक्ष करावे, मार्गदर्शकाच्या मदतीने, ही त्याची रीत.

२०/ लिनक्समधील वाग्बाणही कुप्रसिद्ध होते. चुकीच्या पॅचवर जाहीर शिवीगाळ होई आणि पुष्कळ लोक पहिला पॅच पाठवण्यापूर्वीच माघार घेत. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्सने आपल्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागून काही काळ रजा घेतली. प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. कोडवरील टीका कठोर असू शकते. ती माणसावर येऊ नये. हा साधा भेद रुजायला त्या समाजाला २७ वर्षे लागली.

२१/ दार फारच सैल सोडले तर काय होते? २०१४ पासून चालणाऱ्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, ऑक्टोबर महिन्यात ठरावीक संख्येने योगदाने करणाऱ्यास टी-शर्ट मिळे. २०२० मध्ये टी-शर्टासाठी निरर्थक बदलांचा पूर आला. कोणी एखादे विशेषण घुसवी, कोणी एक रिकामी ओळ. बिनपगारी मेंटेनर हैराण झाले. महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात आयोजकांना नियम बदलावा लागला : जो प्रकल्प स्वतः होकार देईल, तेवढाच सहभागी.

२२/ आता एक्सझेड. फाइली लहान करण्याचे हे साधन अगणित लिनक्स संगणकांत असते. ते वर्षानुवर्षे मुख्यत्वे एकच माणूस सांभाळत होता : लासे कॉलिन, फावल्या वेळात आणि विनावेतन. 'जिया टॅन'ने २०२१ च्या अखेरीस लहान पॅच पाठवायला सुरुवात केली. २०२२ मध्ये काही अपरिचित नावांनी कॉलिन यांच्यावर दबाव आणला : काम रेंगाळते आहे, दुसरा मेंटेनर नेमा. कॉलिन यांनी आपल्या मानसिक स्वास्थ्याची अडचण मोकळेपणाने सांगितली होती. हळूहळू टॅनला अधिकार मिळत गेले.

२३/ फेब्रुवारी व मार्च २०२४ च्या दोन आवृत्त्यांत चोरदरवाजा पेरला गेला. त्याचा काही भाग चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता, म्हणजे जेथे माणसाचे डोळे सहसा जात नाहीत तेथे. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिन नेहमीपेक्षा सुमारे अर्ध्या सेकंदाने मंद वाटले. त्याने ते सोडून दिले नाही. मूळ शोधत तो एक्सझेडपर्यंत पोहोचला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने जगाला सावध केले.

२४/ यावरून काही जण म्हणतात, अनोळखी माणसांना दार उघडणेच चूक. मला हे पटत नाही. ती आवृत्ती पकडली गेली ती कोड खुला होता म्हणून. एका त्रयस्थाला तो उघडून पाहता आला म्हणून. खरी कमतरता होती ती कॉलिन यांच्या शेजारी प्रामाणिक माणसे नसण्याची. थकलेल्या एकट्या कारभाऱ्याच्या दाराशी मदतीचा एकच हात आला आणि तो कपटी निघाला. आणखी चार हात असते, तर त्या एकाचे मोल एवढे चढले नसते.

२५/ म्हणून नवख्याच्या पहिल्या पॅचकडे मी केवळ करिअरची पायरी म्हणून पाहत नाही. ज्या साधनांवर बँका, रुग्णालये आणि आपले मोबाइल चालतात, त्यांतील कित्येक एकदोन थकलेल्या माणसांच्या खांद्यावर आहेत. तेथे जाऊन उभे राहणारा, दुसऱ्याचा पॅच वाचणारा, शंका विचारणारा प्रत्येक नवखा हा एक जास्तीचा पहारेकरी असतो.

२६/ आणि मराठी माणसाला तर घरचीच कामे आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत ज्ञानी आणि स्वयंपाकी एवढे अंतर. युनिकोडने या चंद्रकोरीसारख्या र-साठी 'ऱ' आणि हलन्त अशी सोय केली. पण फॉन्टने ती नीट दाखवली की नाही, हे मराठी डोळ्यालाच दिसणार. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' यांचेही तसेच. रेड हॅटने खुल्या केलेल्या लोहित फॉन्टसारख्या प्रकल्पांत असे बारकावे सांगणारी माणसे लागतात.

२७/ इतिहासप्रेमींसाठी आणखी एक. टेसरॅक्ट हे छापील पानावरून मजकूर ओळखणारे साधन. एचपी कंपनीत त्याचा जन्म झाला, २००५ मध्ये ते ओपन सोर्स झाले. ते मराठीही वाचते. जुन्या मराठी छपाईतील जोडाक्षरांवर ते कोठे अडखळते, हे मूळ पान, अपेक्षित मजकूर आणि मिळालेला मजकूर यांसह नेमके नोंदवणे, हे काम प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही साधते. त्या जर्मन वापरकर्त्याचे स्मरण ठेवा.

२८/ तर प्रारंभ कसा करावा? इतिहासाने दिलेला क्रम असा :
• आपण स्वतः वापरतो तोच प्रकल्प निवडा. अर्ध्या सेकंदाचा फरक वापरणाऱ्यालाच कळतो.
• योगदानाचे नियम आणि मागील काही महिन्यांचे बदल वाचा. गिटचा लॉग हे प्रकल्पाचे दफ्तर आहे.
• तो प्रकल्प आपल्या संगणकावर चालवून पाहा. सूचनांत जेथे अडलात, तेथेच बहुधा पहिले योगदान दडलेले असते.
• एकच लहान बदल करा आणि तो का केला ते दोन वाक्यांत लिहा.

२९/ आणि त्यानंतरचे, अधिक महत्त्वाचे :
• सुधारणा सुचवल्या गेल्या तर त्या करून पुन्हा पाठवा. 'पुन्हा पाठवा' हा नकार नव्हे.
• काही दिवस उत्तर आले नाही तर नम्रपणे एकदा आठवण द्या. दबाव आणू नका; एक्सझेडमध्ये दबावाने काय केले ते पाहिलेच.
• दुसऱ्याचे पॅच वाचायला लागा. तपासणाऱ्यांची उणीव लिहिणाऱ्यांहून मोठी असते.
• पहिल्यानंतर दुसरा पॅच पाठवा.

३०/ लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि दर खेपेस दोनशेहून अधिक माणसांचे नाव तिच्यात प्रथमच नोंदले जाते. त्यांतील बहुतेकांचे बदल चारदोन ओळींचे असतात. इतिहास ज्यांची नावे सहसा टिपत नाही, अशा माणसांच्या चार ओळीही नाव, दिनांक आणि कारणासह जतन करणारे दफ्तर मानवाने क्वचितच उभारले आहे. त्यात आपलीही एक नोंद असावी, एवढीच विनंती.

थ्रेड उपयुक्त वाटल्यास पहिला पॅच पाठवू पाहणाऱ्या मित्रापर्यंत अवश्य पोहोचवा.

इति लेखनसीमा.